बिनमाणसाचें विमान आणि कष्टकऱ्याचें घर

सन २०२५ च्या मे महिन्यांत भारत व पाकिस्तान यांच्यामध्यें चार दिवस जी लढाई झाली, तेव्हांपासून सांगवी-दापोडीकडे, भोसरीच्या वर्कशॉपांत आणि चाकणच्या कारखान्यांच्या दारांत एक बोलणें वारंवार आमच्या कानांवर येतें. तें असें कीं, आतां लढाई माणसांची राहिली नाहीं; यंत्र उडतें, यंत्र मारतें, आणि माणूस घरीं बसून पडद्यावर पाहतो. ऐकणाऱ्यास हें फार सोयीचें वाटतें. कोणाचा मुलगा मरावयास नको, कोणाचें कुंकू पुसावयास नको, आणि शत्रूचें कंबरडें मात्र मोडावें! आम्हांस हें बोलणें खरें वाटत नाहीं. खंदकांत मरणारे शिपाई आजही मरतच आहेत. पण त्याशिवाय दूरवर जाऊन फुटणाऱ्या या ड्रोन नांवाच्या यंत्रानें मरणाच्या नव्या जागा निर्माण केल्या आहेत. कोणी कारखान्यांत दारू भरतांना मरतो, कोणी परमुलखांत तेलाच्या टाकीपाशीं राबतांना मरतो, तर कोणी छपराखालीं झोपेंत मरतो. या तिन्ही जागीं असणारा मनुष्य कोणत्या घरांतला असतो, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

प्रथम हें यंत्र आहे तरी काय, तें नीट समजून घेऊं. जी वस्तु समजत नाहीं तिची एक तर भीति वाटते, नाहीं तर पूजा होते. आणि दोन्हींत नुकसान अडाण्याचेंच. ड्रोन म्हणजे वैमानिक नसलेलें विमान. पिकावर औषध फवारणारा ड्रोन आतां आमच्या कित्येक शेतकऱ्यांनीं पाहिला असेल. बायकांच्या १५,००० बचतगटांना असे ड्रोन देण्याची योजना केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजूर केली. लढाईंतला लांब पल्ल्याचा ड्रोन हा त्याचाच थोरला व दांडगा भाऊ. हा परत येत नाहीं. जावयाच्या ठिकाणाचा पत्ता आकड्यांत भरून सोडून दिला, कीं उपग्रहांच्या खुणांवर वाट काढीत तो शेंकडों कोस जातो आणि नेमल्या जागीं स्वतःसकट फुटतो. इराणांत आखलेला शाहेद-१३६ हा यांत सर्वांत प्रसिद्ध. रशियानें २०२२ च्या सप्टेंबरापासून तो युक्रेनवर सोडण्यास आरंभ केला आणि पुढें आपल्याच कारखान्यांत तो बनविण्याचा सपाटा लावला. त्याची लांबी साडेतीन मीटरांच्या आसपास, वजन सुमारें २०० किलो, पोटांत चाळीस-पन्नास किलो दारू, आणि वेग तासाला सुमारें १८५ किलोमीटर. पाठीमागचा पंखा फिरविण्यास पन्नासएक अश्वशक्तीचें टू-स्ट्रोक इंजिन. त्याचा आवाज इतका ओळखीचा कीं, युक्रेनचे लोक त्याला मोपेड म्हणतात.

टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे काय, हें आकुर्डीच्या स्कूटरवर हयात घालविलेल्या आमच्या कामगारांस शिकवावयास नको. फायबरचा सांगाडा, पत्र्याचें काम, वायरिंग, लहान मोटारी, जोडणी, यांतलें एकही काम पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण येथल्या कारागिरांच्या हातांस अपरिचित नाहीं. अवघड भाग उरतो तो दिशा दाखविणाऱ्या यंत्राचा आणि त्यामागल्या गणिताचा. आणि तोही शिकूं म्हणणाऱ्यास शिकतां येतो. असें असतां, यांत नवें कांहीं नाहीं, हें सर्व आमच्या पुराणांत होतेंच, असें सांगणारेही भेटतात. नागपूरकडे बनणाऱ्या अशा एका लहान पल्ल्याच्या यंत्रास नागास्त्र, आणि ड्रोनांच्या झुंडी पाडण्यासाठीं केलेल्या अग्निबाणांस भार्गवास्त्र, अशीं नांवें मिळालीं आहेत. नांवें ठेवणाऱ्यांनीं तीं खुशाल ठेवावींत. परंतु तें यंत्र मंत्रानें उडत नाहीं. फिटर, टर्नर, वेल्डर आणि दारू भरणाऱ्या बायका यांच्या हातांनीं तें उडतें. पूर्वीं नळींत दारू ठासून केलेले बाण मराठ्यांच्या फौजांत होते. म्हैसूरच्या राज्यांत लोखंडी नळी लावून ते अधिक जोरदार केले गेले. आणि ते पाहून इंग्रजांनीं आपले बनविले. ही विद्या कारागिरांच्या हातांतली होती. पण कारागिरास लिहितांवाचतां येत नव्हतें, म्हणून पुस्तकांत नांव साहेबाचें चढलें. ती गोष्ट पुन्हां होऊं नये, हा या लेखाचा एक हेतु आहे.

आतां किंमत पाहूं. कारण या शस्त्राचें बळ त्याच्या स्वस्ताईंत आहे. असा एक ड्रोन बनविण्यास वीस ते पन्नास हजार डॉलर पडत असावेत, असा जाणत्यांचा अंदाज आहे. तो पाडावयास अमेरिकेचें पेट्रियट क्षेपणास्त्र सोडावें, तर त्या एकाचीच किंमत तीस-चाळीस लाख डॉलर. काठी मारणाऱ्याचा खर्च आण्याचा आणि ती अडविणाऱ्याचा खर्च शेंकड्यांचा, असा हा व्यवहार आहे. म्हणून शत्रु एक पाठवीत नाहीं, टोळधाड पाठवितो. २०२५ च्या ७ सप्टेंबरला उजाडणाऱ्या एकाच रात्रींत रशियानें ८१० ड्रोन सोडले, असें युक्रेनच्या हवाईदलानें सांगितलें. त्यांतले बहुतेक पाडले जातात. कांहीं तर नुसते हूल देण्यासाठींच सोडलेले असतात. परंतु टोळ आल्यावर शंभरांतले नव्वद मारले तरी पीक वाचत नाहीं, हें कुणब्यास ठाऊक आहे. जे निसटतात ते वीजघरावर पडतात, गोदामावर पडतात, माळ्यांच्या इमारतींवर पडतात. भर हिंवाळ्यांत वीज जाते, पाणी जातें, ऊब जाते. युक्रेनही स्वस्थ बसलेला नाहीं. त्याचे लांब पल्ल्याचे ड्रोन हजार हजार किलोमीटर जाऊन रशियाचे तेलाचे कारखाने जाळीत आहेत. दोहों बाजूंस रात्र वैऱ्याची झाली आहे.

आमच्या घरापाशीं काय झालें तेंही आठवावें. २०२५ च्या २२ एप्रिलला पहलगाम येथें दहशतवाद्यांनीं २६ माणसें मारलीं. त्यांत महाराष्ट्राचे सहा होते आणि त्या सहांत दोन पुण्याचे. ७ मे रोजीं भारतानें नऊ ठिकाणांवर हल्ला केला. पुढें पाकिस्तानानें एका रात्रींत ३६ ठिकाणीं सुमारें ३०० ते ४०० ड्रोन पाठविले, असें सरकारनें जाहीर केलें. आमच्या सैन्यानें ते मोठ्या कौशल्यानें पाडले, आणि त्याबद्दल सैन्याचे उपकार मानावे तेवढे थोडे. तरीही ९ मेच्या रात्रीं पंजाबांत फिरोजपूर जिल्ह्यांतील खाई फेमे की या गांवीं एका घरावर ड्रोन पडला. एकाच कुटुंबांतील तीन माणसें भाजलीं आणि त्यांतली बाई पुढें इस्पितळांत वारली. त्या घरानें कोणाचें काय वांकडें केलें होतें? सरहद्दीजवळ आपलें शेत आणि आपलें घर, एवढाच त्यांचा अपराध.

अशा गोष्टी फक्त आपल्या शत्रूकडूनच होतात, असेंही कोणी समजूं नये. २०२१ च्या २९ ऑगस्टला काबूल शहरांत अमेरिकेच्या ड्रोननें एका मोटारीवर क्षेपणास्त्र सोडलें. दहा माणसें मेलीं. त्यांत सात मुलें होतीं. हा हल्ला योग्यच होता, असें आरंभीं मोठ्या अधिकाऱ्यांनीं सांगितलें. वर्तमानपत्रांनीं पिच्छा पुरविल्यावर तीन आठवड्यांच्या आंत तीच मंडळी म्हणालीं, चूक झाली. पण शिक्षा कोणासच झाली नाहीं. ज्यानें यंत्र चालविलें तो म्हणाला असेल, मला पडद्यावर तसेंच दिसलें. ज्यानें हुकूम दिला तो म्हणाला असेल, मला तसेंच कळविलें. पूर्वीं भाला मारणाऱ्यास समोरच्याचें तोंड दिसत असे. आतां मारणारा व मरणारा यांच्यामध्यें इतकीं माणसें आणि इतकीं यंत्रें उभीं असतात कीं, पाप कोणाच्या पदरांत घालावें तेंच कळेनासें होतें. सर्वांचें काम म्हणजे कोणाचेंच काम नव्हे, हा गांवकीचा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, युक्रेन कोठें, काबूल कोठें, आणि आमचा शेतकरी कोठें? तर ऐका. २०२३ च्या नोव्हेंबरापासून येमेनांतील हूती लोकांनीं गाझांतील युद्धाचें कारण सांगून तांबड्या समुद्रांतून जाणाऱ्या व्यापारी जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रें सोडण्यास सुरुवात केली. जहाजें सुएझचा कालवा टाकून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालूं लागलीं. वाट दोन आठवड्यांनीं लांबली, भाडें कित्येक पटींनीं वाढलें. पुढें जानेवारीपासून नाशिककडील द्राक्षांचा हंगाम. युरोपास जाणारा हा माल नाशवंत. पेटींत जितके दिवस अधिक, तितकी त्याची किंमत कमी. वाढलेलें भाडें व्यापाऱ्यानें आपल्या खिशांतून थोडेंच भरावयाचें? तें बागेंत दिलेल्या भावांतून कापलें जातें. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदारानें येमेनच्या डोंगराचें नांवही ऐकलेलें नसेल. पण त्या डोंगरांतून उडालेल्या यंत्राचा घाव त्याच्या वेलीवर पडला. चाकणहून युरोपास जाणाऱ्या मोटारींच्या सुट्या भागांचीही तीच वाट आणि तोच वळसा.

याच वर्षाच्या २३ डिसेंबरास सौदी अरबस्तानांतून मंगळूरकडे तेल घेऊन येणाऱ्या केम प्लुटो नांवाच्या जहाजावर अरबी समुद्रांत, गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारें दोनशें सागरी मैलांवर, ड्रोन येऊन आदळला. जहाजावर आग लागली. खलाशी जवळजवळ सर्व भारतीय. सुदैवानें सर्व वांचले. हा ड्रोन इराणांतून सुटला, असें अमेरिकेनें म्हटलें आणि इराणानें तें नाकारलें. दोन दिवसांनीं तें भाजलेलें जहाज मुंबईच्या बंदराबाहेर येऊन उभें राहिलें आणि आमच्या नौदलाच्या माणसांनीं त्याची तपासणी केली. लांब पल्ल्याचें युद्ध म्हणतात तें हें. तें आपल्या दारापर्यंत येऊन गेलें आहे.

त्याहूनही बोलकी गोष्ट अबूधाबीची. २०२२ च्या १७ जानेवारीस हूतींनीं ड्रोन व क्षेपणास्त्रें सोडून तेथल्या मुसफ्फा भागांतील तेलाच्या तळावर हल्ला केला. टँकर पेटले आणि तीन कामगार मेले: दोन भारताचे, एक पाकिस्तानचा. येथें ज्यांच्या सरकारांचें एकमेकांशीं पटत नाहीं, त्यांचीं लेंकरें तेथें एकाच मुकादमाखालीं, एकाच भाकरीसाठीं, एकाच टाकीपाशीं जळून गेलीं. भांडण येमेनचें आणि अरबांचें, मरण मजुराचें. आखाती मुलखांत आमच्या कोंकणचे, मराठवाड्याचे, पुण्याकडचे हजारों लोक आज पोटासाठीं राबत आहेत. त्यांच्या घरच्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

येथवर मरणाऱ्यांविषयीं झालें. आतां बनविणाऱ्यांविषयीं. नागास्त्र ज्या उद्योगसमूहाकडे बनतें, त्याच्या नागपूरजवळील बाजारगांव येथल्या स्फोटकांच्या कारखान्यांत २०२३ च्या १७ डिसेंबरला सकाळीं स्फोट झाला. काम ड्रोनचें नव्हतें, दुसऱ्या स्फोटकांचें होतें. नऊ कामगार मेले. त्यांत सहा बायका होत्या. सरकारी कारखाना असला म्हणजे जीव सुरक्षित, असेंही नाहीं. भंडारा येथल्या जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यांत २०२५ च्या २४ जानेवारीस असाच स्फोट होऊन आठ कामगार गेले. सरहद्दीवर पडलेल्या शिपायाच्या पेटीवर तिरंगा घालतात, आणि तें योग्यच आहे. पण दारू भरतांना मेलेल्या बाईच्या पेटीवर काय घालतात? तिचें नांव कोणत्या स्तंभावर कोरतात? तीही देशाच्याच कामांत गेली. तिच्या पोरांना एक रकमेचा आंकडा जाहीर होतो, चार दिवस पुढारी येऊन जातात, आणि पांचव्या दिवशीं तिच्या जागीं दुसऱ्या गरिबाची मुलगी उभी राहते.

हें दुखणें आजचें नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीनें १९४४ च्या जूनपासून लंडनवर उडते बाँब सोडले. बिनमाणसाचें, आपल्याआप जाऊन फुटणारें, दूरचें शहर मारणारें शस्त्र तेव्हांच जन्मास आलें होतें. तीं यंत्रें आणि त्यांच्या मागून आलेलीं अग्निबाणें मिटेलवर्क नांवाच्या डोंगराखालील कारखान्यांत कैद्यांकडून करवून घेत. तेथल्या डोरा छावणीच्या सुमारें ६०,००० कैद्यांपैकीं २०,००० च्या आसपास मेले. आजचें उदाहरण पाहिजे असेल तर रशियांतील अलाबुगाचें घ्या. तेथें शाहेद ड्रोनचा कारखाना आहे. त्यांत तंत्रशाळेंतलीं विद्यार्थी-पोरें राबतात. युगांडा, केनिया, नायजेरिया अशा गरीब देशांतून चांगल्या नोकरीचें आणि शिक्षणाचें आमिष दाखवून आणलेल्या तरुण मुलीही राबतात. २०२४ च्या २ एप्रिलास युक्रेनचे ड्रोन हजाराहून अधिक किलोमीटर उडून आले आणि याच कामगारांच्या वसतिगृहावर पडले. कित्येक जखमी झाले. म्हणजे ड्रोन बनवावयासही गरीब आणि त्या ड्रोनाबद्दल मार खावयासही गरीबच!

हें वाचून सांगवीकरांनीं आपल्या भोंवतीं एकदां नजर फिरवावी. मुळा आणि पवना यांच्या मधलें हें गांव. पूर्वींचे मळे गेले आणि तेथें आतां भाड्याच्या खोल्या उभ्या आहेत. त्यांत मराठवाड्याचा, विदर्भाचा, उत्तरेकडचा कामगार दाटीनें राहतो. नदीपलीकडे खडकीस १८६९ सालापासूनचा दारूगोळ्याचा कारखाना आणि १९४० सालचा स्फोटकांचा कारखाना. दापोडीस लष्करी अभियांत्रिकीचें महाविद्यालय. पाषाण आणि दिघी येथें शस्त्रांच्या प्रयोगशाळा. देहूरोडला लष्करी कोठारें, लोहगांवला लढाऊ विमानांचा तळ. या जागा सर्व जगास माहीत आहेत. शत्रूस माहीत नसतील, असें मानणें भोळेपणाचें होईल. कच्छची सरहद्द येथून सरळ रेषेंत सुमारें ८०० किलोमीटर. म्हणजे शाहेदसारखें यंत्र तेथून निघालें, तर पहिल्या पाळीच्या कामगाराची जेवणाची सुटी होईपर्यंत तें येथें पोहोंचूं शकतें. वाटेंत तें पाडण्याची तयारी आमच्या सैन्यापाशीं आहे. पण जो एक निसटेल आणि कारखान्याचा नेम चुकेल, तो कोठें पडेल? जाड भिंतींच्या कचेरीवर कीं शेजारच्या पत्र्याच्या खोलीवर?

७ मे २०२५ रोजीं देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम करण्याचा हुकूम निघाला होता, आणि त्या यादींत पिंपरी-चिंचवडचेंही नांव होतें. तालीम झाली, छायाचित्रें छापून आलीं. आम्ही सांगवीच्या प्रत्येक घरास साधे तीन प्रश्न विचारतों. भोंगा झाला तर तो कोणत्या आवाजाचा, हें तुम्हांस ठाऊक आहे काय? तो ऐकल्यावर मुलाबाळांस घेऊन कोठें जावयाचें, हें कोणीं सांगितलें आहे काय? आणि रात्रपाळीस गेलेल्या माणसाच्या बायकोस तो कारखान्यांत कोठें सुरक्षित आहे, हें माहीत आहे काय? ज्या घरांत या तिन्हींचें उत्तर नाहीं, त्या घरासाठीं ती तालीम झालीच नाहीं.

आतां कोणी आमच्यावर डोळे वटारून म्हणेल, तुम्ही देशाच्या संरक्षणाच्या आड येतां काय? त्यास आमचें उत्तर सरळ आहे. सैन्यांत भरती होणारीं पोरें साताऱ्याचीं, कोल्हापूरचीं, नगरचीं, आमच्याच शेतकऱ्यांचीं आहेत. एक ड्रोन पाठवून जर एक जवान वांचत असेल, तर तो ड्रोन आम्हांस पाहिजे, आणि चांगला पाहिजे. शेजारी काठी घेऊन उभा असतां आपण हात बांधून बसावें, असें आम्ही म्हणत नाहीं. या यंत्राच्या कामानें भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपांना काम मिळणार असेल, तर तें काम आमच्या कारागिरांनीं अवश्य घ्यावें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हात आमचे, छप्पर आमचें, मरण आमचें, तर हिशेब विचारण्याचा हक्कही आमचा असला पाहिजे.

तो हक्क बजावावयाचा तर आमच्या चार मागण्या आहेत.

पहिली शिक्षणाची. आमच्या मुलांनीं नुसतें नटबोल्ट आवळण्यावर समाधान मानूं नये. आयटीआयच्या पोरानें डिप्लोमा करावा, डिप्लोमावाल्यानें पुढें जावें. दिशादर्शन, इलेक्ट्रॉनिक्स, गणित, आज्ञावलि यांत शिरावें. ज्याला यंत्राचा अर्धाच भाग कळतो तो मजूर राहतो. ज्याला सगळें यंत्र कळतें तो मालकाशीं बरोबरीनें बोलतो. आईबापांनीं लग्नाच्या मांडवाचा खर्च निम्मा करावा, पण पोरीची फी थकवूं नये.

दुसरी मागणी कारखान्यांतल्या जिवाची. जेथें दारू आणि स्फोटकें हाताळलीं जातात, तेथें ठेकेदाराकडून आजचा माणूस आणून उद्यां सोडून देण्याची रीति बंद व्हावी. शिकविल्याशिवाय कोणास त्या खोलींत शिरूं देऊं नये. एका खोलींत गरजेपेक्षां अधिक माणसें ठेवूं नयेत. अपघाताची चौकशी मालकाच्या माणसांकडून न होतां तिचा निकाल मराठींत छापून कारखान्याच्या दारावर लागावा. आणि जो कामगार त्या कामांत मरेल, त्याच्या घरास शिपायाच्या घराप्रमाणें कायमची पेन्शन मिळावी.

तिसरी मागणी वस्तीची. महापालिकेनें वॉर्डावॉर्डांत भोंगे, आसऱ्याच्या पक्क्या जागा आणि आगीचे बंब यांची यादी करून ती घरोघर पोहोंचवावी, आणि वर्षांतून दोनदां खरी तालीम घ्यावी. त्या तालमींत भाडेकरूसही मोजावें. मतदारयादींत नांव नाहीं म्हणून बाँब कोणास वगळीत नाहीं.

चवथी मागणी सर्वांत अवघड, पण तीच मुळाशीं आहे. आपल्या देशाचें यंत्र जेथें जाऊन फुटेल, तेथें कोणाच्या हुकुमानें फुटलें, हें कागदावर लिहिलेलें असावें. आणि चुकून निरपराध घर उडालें तर त्याची चौकशी लोकसभेपुढें यावी. शत्रूच्या मुलखांतली रयतही रयतच असते. हें आम्ही कोणा परदेशी पुस्तकांतून आणीत नाहीं. १६७३ सालीं शिवाजी महाराजांनीं चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांस जें पत्र लिहिलें, त्यांत काय ताकीद दिली होती? दाणा, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला रोख पैसे देऊन बाजारांतून घ्यावा, रयतेस काडीचाही उपद्रव देऊं नये, आणि आगीची नीट काळजी घ्यावी. आपल्या फौजेच्या हातून कोणाचें काय जळतें, याची काळजी राजाला असली पाहिजे, हा त्या पत्राचा अर्थ. घोड्याच्या टापेखालीं पीक तुडविल्याचा जाब जर विचारला जात होता, तर हजार किलोमीटरांवरून घर उडविल्याचा जाब कां विचारूं नये? हाताची लांबी वाढली म्हणून हाताचा धनी बदलत नाहीं.

वाचकहो, पडद्यावर ड्रोन फुटतांना दिसला म्हणजे आमचीं पोरें टाळ्या वाजवितात. पोरांस काय कळणार! पण मोठ्यांनीं त्यांना जवळ घेऊन सांगावें कीं, तो उजेड दिसतो त्याच्याखालीं कोणाचें तरी आंगण आहे; आणि तें यंत्र ज्यांनीं भरलें त्या बायकाही आपल्या मावशी-आत्यांसारख्याच आहेत. देशावर वेळ आली तर लढावेंच लागेल, आणि आमचीं घरें मागें राहणार नाहींत. पण लढाईंत आनंद मानूं नये, आणि ज्यांना आनंद वाटतो त्यांच्या हातांत डोळे मिटून सर्व कारभार देऊं नये. येत्या वॉर्डसभेंत वर सांगितलेले तीन प्रश्न विचारावे. कारखान्याच्या युनियनच्या बैठकींत दारू भरणाऱ्यांच्या पेन्शनचा विषय काढावा. आणि घरांतल्या हुशार मुलीला यंदा कोणत्या कोर्सला घालावयाचें, याचा विचार आजच रात्रीं जेवतांना करावा. एवढें झालें तरी या लेखाचें काम झालें, असें आम्ही समजूं.